पुस्तक खाल्लेलं करडू

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. दीपमाला हिला थोरल्या जावेचे आशीर्वाद.

इकडं आम्ही बरे आहोत. तिकडं तुम्ही बरे असाल. सत्यमचा खोकला गेला का? अडुळशाचा रस मधातून दे, नुसत्या बाटल्या रिचवू नकोस त्याच्या पोटात. गोकुळभाऊजींना सांग, कापूस वेचायला बायका मिळत नाहीत म्हणून घरात चिडचिड करू नका, सगळ्यांचीच तीच बोंब आहे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे लिहिते. उद्या हे गावाकडं येणार आहेत, त्यांच्या हाती पत्र देते. यातलं निम्मं त्यांनाही माहीत नाही, तेव्हा आधी तू वाच. मग हवं तर सगळ्या घराला वाचून दाखव.

वाढदिवसाचं सांगते. रविवारी आलीस तेव्हा तू विचारलं नाहीस, पण भिंतीवरचे अर्धवट फाटलेले कागद बघत होतीस, ते मी पाहिलं.

यंदा मेघाला गोष्टीच्या पुस्तकातला वाढदिवस पाहिजे होता. वर्गातल्या कुणा पोरीचा तसा झाला म्हणे हॉटेलात. परीची गोष्ट, दिव्यांची झाडं, भाड्यानं आणलेला किल्ला. मी म्हटलं, अगं बाई, किल्ले आणायला आपण काय देवगिरीचे यादव लागून गेलो का? पण तिचं तोंड एवढंसं झालं. मग मलाही इरेला पेटल्यासारखं झालं. बारा वर्षं बाइंडिंगच्या टेबलावर घालवलीत मी, पुस्तक कसं करायचं ते मला कोणी हॉटेलवाल्यानं शिकवावं?

प्रेसमधलं कातरण गोळा केलं. लग्नपत्रिकांचे उरलेले जाड कागद मालकांनी तसेच दिले. रद्दीवाल्या चाचानं जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा डोक्यावर ठेवला, ‘ले जाव बेटी, बच्ची का दिन है.’ आमच्या दोन खोल्यांचंच मी पुस्तक केलं. दाराला मुखपृष्ठ डकवलं. आतला बोळ म्हणजे पहिलं पान, बाहेरची खोली दुसरं आणि तिसरं, स्वयंपाकघर चौथं, गॅलरी शेवटचं.

गोष्ट तुझीच होती. मेघाचं अंगणवाडीतलं चित्रांचं पुस्तक तुमच्या करडानं खाल्लं, तेव्हा तिनं आभाळ डोक्यावर घेतलं होतं आणि तू तिला सांगितलं होतंस, रडू नको, आता हे करडू बें बें करणार नाही, गोष्टी सांगणार. तेच करडू. आमच्या भिंतीवर ते एसटीच्या कंडक्टरशी हुज्जत घालत होतं, मास्तरांचा चष्मा लावून हजेरी घेत होतं, आणि स्वयंपाकघरात तर माझ्याच भाजीत मीठ जास्त पडल्याची तक्रार करत होतं. चौदा पोरं आली होती. सगळ्यांना पुठ्ठ्याचे कान. दर पानाशी गूळतूप लावलेल्या पोळीचा चौकोनी तुकडा ठेवलेला, त्यावर खसखशीनं एक एक अक्षर. पान खाल्ल्याशिवाय पुढं जायचं नाही, आणि हात लावायचा नाही. पोरं हात मागं बांधून तोंडानंच खात सुटली. हसून हसून माझ्या पोटात कळ आली गं. केक कुठाय म्हणून एकानंही विचारलं नाही.

हे सगळं शनिवारी कसं, असं तू म्हणशील. मी रविवारी तुला दारातच सांगितलं, की आज नळाला पाणी येणार नव्हतं म्हणून आदल्या दिवशी उरकलं, तुला कळवायचं राहूनच गेलं.

खोटं आहे ते. पाणी शुक्रवारीच येऊन गेलं होतं, टाकी काठोकाठ होती. तुला रविवार सांगितला तेव्हाच माझ्या मनात शनिवार होता. शनिवारी सकाळी तू फोन केलास, ‘मेघाला द्या ना ताई,’ म्हणालीस, तेव्हा मी क्लासला गेली म्हटलं. ती माझ्यासमोर बसून कान रंगवत होती. तू म्हणालीस, जाऊ द्या, उद्या येतेच आहे. मी फोन ठेवला आणि तिला सांगितलं, शाळेतून होता.

इथवर लिहून उठले होते. उगीच ओटा पुसला. पुन्हा बसले.

आपल्यात ओवाळायचं म्हटलं की पहिली आई, मग बाकीच्या. संध्याकाळी पाट मांडला, ताटात निरांजन, सुपारी, अंगठी, सगळं घेतलं. शेजारच्या बाया भोवती उभ्या होत्या. मेघा पाटावर बसली आणि दाराकडं बघायला लागली. हळूच म्हणाली, ‘आई आल्यावर ओवाळ ना.’ मी वाकून तिच्या कानात सांगितलं, आईला जमलं नाही, सत्यममुळं सवड नाही तिला. आणि ओवाळलं. मीच पहिलं ओवाळलं. पोरीनं मान खाली घातली ती वर केली नाही. बाया म्हणाल्या, लाजली.

का केलं, ते लिहायचं तर आता लाज धरून चालणार नाही. सत्यम तुझ्या पोटात होता, तुला अंथरुणावरून उठू देत नव्हते, म्हणून मेघाला तू माझ्याकडं ठेवलीस. शाळा बघून मग ती राहिलीच. मार्चमध्ये आम्ही या बिल्डिंगीत आलो. तिचं बोट धरून जिना चढले आणि सगळ्यांनी माझीच पोरगी धरली. ती मला काकू म्हणते, तर सारजाबाई, त्या खालच्या मजल्यावरच्या, म्हणाल्या, काही घरांत आईला काकू म्हणायची रीत असते. मी हसले. नाही म्हटलं नाही. लग्नानंतरच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणी मला ‘तुम्हाला काय हाय, पोरगा का पोरगी?’ म्हणून विचारलं नाही, कुणी दवाखान्याचा पत्ता दिला नाही. लई बरं वाटलं गं. एवढं बरं वाटलं, की तू त्या बायांसमोर येऊ नयेस असं वाटायला लागलं. तू आली असतीस तर ताट तुझ्या हातात द्यावं लागलं असतं.

आता रविवारी जिन्यात झालं त्याचं. तुला वाटत असेल, मला कळलंच नाही. मी वर दाराच्या पडद्याआड उभी होते.

सारजाबाई पायरीवर गहू निवडत होत्या. त्यांनी विचारलं, ‘कुणाकडं?’ तू म्हणालीस, मेघाकडं. ‘जा की वर, मेघाची आई हाय घरात. तुमी कोण तिच्या?’

तू थांबलीस. सत्यमला या काखेतून त्या काखेत घेतलंस. मग म्हणालीस, ‘मी काकू तिची. गावाकडची.’

दीपमाला, एका वाक्यात तुला माझं नाक कापता आलं असतं. मी कापलं असतं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी जिन्यावरूनच बोंब ठोकली असती. तू वर आलीस, पाणी मागितलंस. मेघा भिंतीकडं तोंड करून बसली, काल का नाही आलीस म्हणूनसुद्धा बोलली नाही, आणि तूही मला रविवार सांगितला होता असं म्हणाली नाहीस. शिवून आणलेला फ्रॉक तिच्या पाठीला लावून बघितलास. खांद्यात आखूड झाला होता. ‘उसवून देते,’ म्हणालीस आणि परत पिशवीत ठेवलास. मी पोहे करते म्हटलं तर नको म्हणालीस. दुपारच्या गाडीनं गेलीसही. मी एकदा तरी ‘मेघा, तुझी आई खरं तर’ एवढं म्हणायला पाहिजे होतं.

मंगळवारी शाळेतून येताना सारजाबाई मेघाला म्हणाल्या, ‘तुझी काकू लई गुणाची बाई. कडेवर पोरगं घेऊन एवढ्या लांबून आली.’ मेघा म्हणाली, ‘ती काकू नाय. ती माझी आई हाय. काकू ही हाय.’ आणि माझ्याकडं बोट केलं. तीन मजल्यांची दारं उघडी होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

घरात आल्यावर तिला समोर बसवून सगळं सांगितलं. शनिवारचं, रविवारचं, फोनचं. रडली नाही. एवढंच विचारलं, ‘तू खोटं बोलली ते आईला कळलं होतं?’

‘व्हय.’

‘मग तिनं मला का नाय सांगितलं?’

याचं उत्तर तुझ्याकडंच असणार. ते तूच दे तिला. तेव्हापासून ती माझ्या हातून वेणी घालून घेत नाही. स्वतःच घालते, वाकडीतिकडी, तशीच शाळेत जाते.

काल मी आपण होऊन सारजाबाईंकडं गेले आणि म्हटलं, मी तिची आई नाही, मला मूल नाही. त्या म्हणाल्या, ‘नाय तर नाय. त्यात एवढं लपवायचं काय होतं, बाई?’ चहा दिला त्यांनी, तो पिऊन आले.

परवा, शनिवारी सकाळच्या सोयगाव गाडीनं मी मेघाला घेऊन येते. दप्तर, कपडे, सगळं आणते. परत पाठवायची की नाही, ते तू आणि ती मिळून ठरवा. शाळेत काय कळवायचं ते मी कळवीन. तू नको म्हणालीस तर मी भांडणार नाही. मी भांडणार नाही म्हणते म्हणजे काय, ते तुझ्याएवढं कुणाला ठाऊक असणार. ती नसली तर या दोन खोल्यांत मी काय करू, हाच विचार चालू आहे. पण ते माझं मी बघीन, त्याचं ओझं तू घेऊ नकोस.

फक्त एक मागते. आम्ही गाडीतून उतरलो की तुमच्या गल्लीतल्या बाया विचारतीलच, सुट्टी नसताना पोरगी दप्तर घेऊन कशी आली? तेव्हा मला झाकू नकोस. तब्येत बरी नव्हती, आठवण आली होती, असलं काही सांगू नकोस. जे झालं ते मेघासमोर, सगळ्यांसमोर सांग. मी तुझ्या शेजारी उभी राहून ऐकीन.

मेघाची काकू,
मंजुषा