काना आणि मात्रा

सिस्टर, तुमच्या खुर्चीत आता मी बसते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी नव्या मुली तिला तुमचीच खुर्ची म्हणतात, कारण मीच त्यांना तसं शिकवते. आज एक मुलगी रुजू झाली. पाच नंबरच्या खाटेवरच्या आजी आपल्याला नावं ठेवतात, अशी तक्रार घेऊन ती पहिल्याच दिवशी माझ्याकडे आली. मी तिला समोर बसवून एक गोष्ट सांगितली, आपल्या दोघींची. सांगताना नेहमीसारखा एका ठिकाणी वळसा घेतला. घरी आल्यावर जेवण गेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी आर्णीच्या या संस्थेत नर्स म्हणून तुमच्या हाताखाली आले तेव्हा बावीस वर्षांची होते. वडील यवतमाळच्या कचेरीत, आजोबाही तिथेच. घरात कुणी चुकून ‘मले, तुले’ म्हटलं की आई डोळे वटारायची. प्रशिक्षणात मी बघितलेले रुग्ण आठवड्याभरात बरे होऊन घरी जायचे. तुमच्याकडे कुणीच जात नव्हतं. लकवा मारलेले, कमरेखालून गेलेले, स्वतःचं नाव विसरलेले, सगळे वर्षानुवर्षं त्याच खाटेवर. यांच्यावर उपचार काय चालू आहेत, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “इथं आपण कोणाले दुरुस्त नाही करत पोरी. राखतो.” मला ते उत्तर अडाणीपणाचं वाटलं होतं. मग तुम्ही पडून पडून चट्टे होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायला शिकवलंत, टाचांखाली ठेवायची कापसाची कडी वळायला शिकवलंत. कापसाचे ते वाईट दिवस होते. एका नातेवाइकानं पोतंभर पांढराशुभ्र कापूस व्हरांड्यात ओतला आणि म्हणाला, “बजारात याले कोणी इचारून नाही राह्यलं. बापाच्या टाचेखाली तरी जाऊ द्या.” तुम्ही त्याच कापसाची कडी वळायला बसलात, आणि मी तुमच्याकडे बघणं टाळलं.

त्या हिवाळ्यात फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यावरचे एक म्हातारबाबा आपल्याकडे आले. लकव्यानं त्यांची वाचा गेली होती, एकच शब्द उरला होता. मी जवळ गेले की माझा हात धरायचे आणि म्हणायचे, “येडी, ए येडी.” मला तसंच ऐकू यायचं. मी कचेरीवाल्यांच्या घरची मुलगी, दिवसातून वीस वेळा वेडी म्हणवून घेत होते. “आजोबा, नीट बोला,” म्हणून फणकारले की ते आणखी मोठ्यानं म्हणायचे. तुम्ही भाचीच्या लग्नाला बोरी अरबला गेला होतात, आठ दिवसांच्या रजेवर. मी रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘रुग्ण येडी अशी शिवीगाळ करतो, हात धरतो.’ सोमवारी येणाऱ्या डॉक्टरांनी ते वाचून सकाळ-संध्याकाळ गुंगीची गोळी लिहून दिली. मी ती वेळेवर देत गेले. बाबा गप्प झाले आणि मला हायसं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

शनिवारी तुम्ही आलात. बाबांना हाक मारून पाहिलीत, मग रजिस्टर उघडून मला बोलावलंत. “याडी म्हणून राह्यला होता तो. त्याइच्या बोलीत मायले याडी म्हणते. तुनं इचारलं काय कोणाले?” मी म्हणाले, “नाही.” तुम्ही पेन घेतलंत, माझ्या शब्दावरची मात्रा खोडलीत, तिथे काना दिलात, आणि रजिस्टर मिटलंत. डॉक्टरांना फोन करून गोळी बंद करवलीत. संस्थेच्या चालकांसमोर म्हणालात, “पोरगी नवी आहे. चूक माही आहे, मी तिले बोली शिकवली नाही.” मी रडत होते, तर मला म्हणालात, “जे मालूमच नव्हतं त्याचा काय राग धरू? आता तो याडी म्हणला का ओ देत जाय.”

मी ओ द्यायला तयार होऊन त्यांच्याजवळ बसत असे. दोन दिवसांनी गुंगी उतरली, डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण तो शब्द पुन्हा काढला नाही. एकदा मी त्यांनी न बोलावताच “ओ” म्हणाले. त्यांनी भिंतीकडे मान वळवली. तुम्ही परतल्यापासून अकराव्या दिवशी ते गेले.

इथवर तुम्हाला माहीत आहे, सिस्टर. माहीत नाही तो त्या शनिवारच्या आधीचा बुधवार. तुम्ही रजेवर असताना त्यांची मुलगी आली होती. कापसाची वेचणी टाकून आलेली, बोटांना बोंडांचे ओरखडे. बाप झोपलेला बघून ती पायथ्याशी बसली आणि मला म्हणाली, “बापू काही बोलते का बाई?” मी तोंड वाकडं करून सांगितलं, मला येडी म्हणतात. ती रागावली नाही. त्यांच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, “येडी नाही बाई, याडी. तो तुमाले माय म्हणते. त्याची याडी तो लहान असताच गेलती.” मग म्हणाली, “आजच्या दिवस थांबतो मी. जागा झाला का मलेही याडी म्हणन.”

संध्याकाळी गोळी माझ्या हातात होती. ती थांबवायची तर डॉक्टरांना फोन करावा लागला असता, मी लिहिलेलं चूक आहे म्हणून सांगावं लागलं असतं. मी गोळी पाण्यात विरघळवली. चमच्यानं पाजताना त्यांचं डोकं तिनंच उचलून धरलं. सकाळपर्यंत बाबा जागे झाले नाहीत. ती पहिल्या बसनं गेली, “वेचणी झाली का येतो” म्हणून. वेचणी व्हायच्या आधी बाबा गेले. मी त्यानंतरही तीन दिवस गोळी देत राहिले, तुम्ही येईपर्यंत.

म्हणजे मला मालूम होतं, सिस्टर. तुम्ही माझी चूक स्वतःच्या नावावर घेतलीत आणि मी घेऊ दिली. तुमच्या शेवटच्या आजारात चारदा येऊन गेले, चारही वेळा दुसरंच काही बोलत बसले. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं असतं की नाही, कोण जाणे.

आज त्या नव्या मुलीनं विचारलं, “मॅडम, त्या बाबांच्या घरचं कोणी भेटायला आलंच नव्हतं का?” मी म्हणाले, “वेचणीचे दिवस होते गं. कोण येणार?”