जोडाक्षर नसलेला शब्द

अंबरनाथ
१२ फेब्रुवारी २०२५

चि. महेंद्र यास,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक. माझे गुडघे आपल्या जागी कुरकुरतात, नळाला पाणी दिवसाआड येतं, नवीन काही नाही. बदलापूरला तुमच्या सोसायटीची लिफ्ट सुरू झाली का? मनालीला आणि छोट्या सम्यकला माझे आशीर्वाद सांग.

पत्र बघून हसशील. शेजारची मावशी फोन असताना कागद कशाला खराब करते, म्हणशील. अरे, फोनवर तू ‘मावशी, ड्युटीवर आहे’ म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो. आणि खरं सांगू? मला आता बोलायचं त्राण राहिलेलं नाही. लिहिताना निदान मध्ये दम खाता येतो.

विहारातला बायकांचा रविवारचा वर्ग चालू आहे, म्हणजे मी ओढते म्हणून चालू आहे. वंदना झाली की सतरंजीवर सात-आठ जणी उरतात, त्यात तुझी आई. पुस्तकात कमळ, गवत, बदक. आमची वेणू उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापते, तिला बदकाशी काय करायचंय? म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवलं. बाहेर जिथे आपण अडलो, तिथला शब्द जसा दिसतो तसा उतरवून आणायचा. आणणारीनं तो मोठ्यानं वाचायचा, अर्थ सगळ्यांनी मिळून लावायचा, आणि कोणालाच नाही आला तर मी सांगायचा. वेणूनं कारखान्यातल्या ड्रमवरचा ‘ज्वलनशील’ आणला. एकीनं औषधाच्या बाटलीवरचं ‘हलवून वापरा’ आणलं. या वयातही अक्षरं जुळवता येतात रे. पण जुळवून झालेला शब्द आयुष्यात कधी कानावरच पडलेला नसेल तर काय करायचं? तिथे त्याही दमतात आणि मीही.

हे तुला का सांगते आहे, ते येईलच पुढे.

काल संध्याकाळी तू आला होतास. आपल्या दोन घरांत भिंत एकच, सगळं ऐकू येतं. शिवरामभावजींच्या ताटात सुकटाची चटणी दिसली आणि तू रखमावर ओरडलास. ‘आई, अक्कल आहे का तुला? डॉक्टरांनी तिखट बंद केलंय ना? मारायचंय का बाबांना?’ रखमा एक शब्द बोलली नाही. एरवी पाण्याच्या टँकरवाल्याला सुद्धा सोडत नाही ती. तिचं ते गप्प बसणं ऐकून मला झोप लागली नाही.

डिसेंबरात तू माझ्या दारात उभा होतास. ‘मावशी, बाबांचा कॅन्सर पसरलाय, आता काही होण्यासारखं नाही. आईला अल्सर सांगितलाय. तुम्ही काही बोलू नका.’ मी हो म्हटलं. जाताना म्हणालास, ‘आईला वाचता येत नाही तेच बरंय.’ तुझा इतका राग आला होता मला! पण तुझा चेहरा बघून गिळला.

मागच्या महिन्यात रखमानं वर्गात शब्द आणला. दवाखान्यात तू औषधांच्या रांगेत होतास, भावजींना आत तपासायला नेलं होतं आणि ती त्याच दारासमोर बाकावर बसली होती. दारावरच्या पाटीवरून तिनं तो उतरवला. ‘उपशामक’. एकही जोडाक्षर नाही, त्यामुळे घडाघडा वाचला आणि ऐटीत आमच्याकडे बघितलं. बायका अर्थ लावायला लागल्या. एक म्हणाली, उपवासाचं काहीतरी असेल. वेणू म्हणाली, ‘कँटीन असंल गं, उपमा मिळत असंल!’ रखमा पोट धरून हसली. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

महेंद्र, मी उगाच फळा पुसत राहिले. तुला हो म्हटलं होतं. पण तिथे खोटा अर्थ सांगितला असता तर पुढे कुठल्या तोंडानं शिकवलं असतं? म्हटलं, ‘दुखणं कमी करायचे उपचार.’

रखमानं विचारलं, ‘कमी करायचे का घालवायचे?’

मी म्हटलं, ‘कमी करायचे.’

तिनं पिशवी उचलली आणि घरी गेली. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि रडली. ‘रोज त्यांच्या तोंडात कोंबत होते गं मी. खा, खाल्ल्याबिगर अंगात ताकद कशी येणार? ते तोंड फिरवायचे आणि मी वाट्टेल ते बोलायचे. आता कुठं फेडू हे?’ मग डोळे पुसून म्हणाली, ‘मला कळलंय ते महेंद्रला सांगू नको. आईला कळू द्यायचं नाही, एवढ्यावर उभा हाय तो. कळलं म्हटलं की खाली बसंल.’ तिलाही मी हो म्हटलं.

तेव्हापासून तिनं पथ्य सोडलं. भावजी मागतील ते करते. परवा त्यांनी सुकट मागितली. काल दोनच घास गेले, पण बोटं चाटून खाल्ले म्हणे. त्या दोन घासांसाठी तिनं तुझं सगळं ऐकून घेतलं.

तू तिच्यापासून लपवतोस, ती तुझ्यापासून लपवते, आणि दोघं येऊन मला सांगता. दमले रे मी. माझ्याच्यानं आता होत नाही. भावजींचे दिवस थोडे आहेत, ते असे वाया घालवू नका.

रविवारी ये. तोंडानं सांगणं तुला जमत नाही ना? मग कागदावर लिही. फाईल इंग्रजीत आहे, ती नको. मराठीत, मोठ्या अक्षरात, ओळी सोडून लिही: बाबांना काय झालंय, डॉक्टर काय म्हणाले, तुला कसली भीती वाटते. सोपे शब्द घे. ‘कॅन्सर’ तिला येतो, तंबाखूच्या पुडीवरून आम्ही तो केव्हाच वाचलाय. कागद तिच्या हातात दे आणि शेजारी बस. ती बोट ठेवून वाचते, वेळ लागतो. मध्येच अडली तर पुढचं अक्षर तू सांगू नकोस. उठूनही जाऊ नकोस.

तुझ्या आईला दिलेलं वचन आज मोडणारी,
यशोधरा मावशी