वाटीखालची मोहिनी

अंबड, नाशिक
ता. ९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मोहिनीस,
अ.आ.वि.वि. (शाळेतलं एवढंच डोक्यात राहिलं. बायकोला आशीर्वाद द्यायचा असतो का, ते नववीत दोनदा बसूनबी कळलं नाय.)

तुझ्या पाड्यावर रेंज नाय आणि टेकडी चढायला तुझी आई देत नाय, म्हणून हे कागदाचं लफडं. गोरक्षभाऊ मुक्कामी गाडीवर कंडक्टर हाय, त्याच्या हातात देतो. त्यानं वाचलं तर वाचलं. त्याचंबी लग्न व्हायचंय, शिकेल.

तुझं गेटचं कार्ड खोलीत खिळ्याला टांगलंय. सुपरवायझरनं मागितल्यावर हरवलं म्हणून ठोकून दिलंस आणि डब्यात लपवून आणलंस, तेव्हाच कळलं बायको माझ्याच शाळेतली. रोज त्या फोटोला सांगून निघतो. तू असतीस तर डबा विसरला म्हणून ओरडली असतीस. आता डबाच नसतो, विसरू काय?

कंपनीत लय मजा चाललीय. ऑफिसातल्या शुभांगी मॅडमला तुझ्यासारखाच सातवा. त्यांना भरपगारी सुट्टी आणि शनिवारी कँटीनमधी डोहाळजेवण. तुला मात्र पोट दिसल्याबरोबर सांगितलं, उभ्यानं काम जमणार नाय, सोमवारपासून येऊ नको. ठेकेदाराच्या बायांना पोट नसतंच वाटतं. झोपाळा बांधायचं आणि वाट्या मांडायचं काम माझ्याकडं हाय. दोन पालथ्या वाट्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आपला खेळ राहूनच गेला गं.

लोभ हायेच, तुझ्या पोटासारखा वाढू दे.
तुझा लखन


खैरपाडा, ता. पेठ
ता. १२ नोव्हेंबर २०२५

श्री. लखनराव यांना,
शि.सा.न.वि.वि.

आशीर्वाद पोचला. गोरक्षभाऊंनी वाचलेलं दिसतंय, देताना गालात हसत होते.

आई दिवसभर नागलीची पेज पाजते. बाबा रोज विचारतात, जावई कधी येणार. मला मात्र लाइन आठवते. वायरी जोडताना हात आपोआप चालायचे, शेजारी शकुबाई गुणगुणायची, आणि तुम्ही पाण्याच्या बहाण्यानं चकरा मारायचात. आता हात रिकामे राहत नाहीत म्हणून सुतळीला गाठी मारते, परत सोडवते. बाळ झालं की पुन्हा लाइनवर जायचं आणि तिघांनी त्या खोलीत राहायचं, एवढंच माझं मागणं आहे.

वाट्यांचं वाचून धस्स झालं. तुमचं डोकं मला ठाऊक आहे. काही करू नका. तुमचंही कार्ड गेलं तर खोली जाईल, मग बाळ इथं आणि तुम्ही तिथं. शुभांगी मॅडम मला कधी वाकडं बोलल्या नाहीत. शपथ घालत नाही, तुम्ही मोडाल.

रागावले तरी माया आहे, तुमचीही राहू द्या.
मोहिनी


अंबड
ता. १६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मोहिनीस,
अ.आ.वि.वि. आणि आधीच माफी.

शपथ घातली नव्हतीस, म्हणून मोडली नाय.

पेढा आणि बर्फी मी खाल्ली. एका वाटीखाली तुझं कार्ड ठेवलं, दुसरीखाली ते गळ्यात अडकवायची निळी नाडी. कुठलीबी उचलली असती तरी तूच निघाली असतीस. मॅडमनी कार्डाची उचलली. बाया हसायला लागल्या, मग फोटो बघून तुला ओळखलं. मॅडमनी विचारलं, ही तर गावाला जायचं म्हणून स्वतःहून सोडून गेली ना? ऑफिसात तसंच सांगितलेलं. मग शकुबाईनं सांगितलं, सोडली नाय, पोट दिसलं म्हणून काढली.

मॅडम झोपाळ्यावरनं उतरल्या. अंगावर फुलांचे दागिने तसेच, थेट साहेबासमोर. साहेब म्हणाला, नंतर बघू. मॅडम म्हणाल्या, दोघींचा महिना एक, मग कायदे दोन कसे? मोहिनी, मला टाळी वाजवायची होती, पण हातात ताटं होती.

संध्याकाळी गेटवर माझं कार्ड मागितलं. कारण, शिस्त. दिलं. तू लपवलंस तसं लपवायला डबाच नव्हता.

गुरुवारी कामगार ऑफिसात अर्ज द्यायचाय. मॅडम आणि शकुबाई दोघी खरं सांगायला येणार. तुझं कार्ड मॅडमनी जपून ठेवलंय. तुझी सही लागेल. ये गं. खिळा रिकामा हाय, सकाळी कुणाला सांगून निघावं तेच कळत नाय. तसं निघायचंबी कुठं नाय म्हणा.

लोभ ठेव, शिव्या दे, पण समोर बसून दे.
लखन


खैरपाडा
ता. १८ नोव्हेंबर २०२५

श्री. लखनराव यांना,
शि.सा.न.वि.वि.

पत्र वाचून आधी रडले, मग तुमच्यावर ओरडले. तुम्ही नव्हता म्हणून गोरक्षभाऊंनी ऐकून घेतलं.

नको म्हटलं तेच केलंत. पण माझं नाव त्या कँटीनमध्ये कुणीतरी मोठ्यानं घेतलं, हे वाचून मघापासून सुतळीला हात लावलेला नाही. स्वतःहून गेली म्हणे! सही करीन, आणि साहेबासमोर करीन.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं येते. आई नको म्हणाली, बाबांनी मात्र पिशवी या पत्राबरोबरच गाडीत ठेवून पण दिली. कार्डं परत मिळाली तर दोन्ही त्या खिळ्याला टांगू. नाही मिळाली तरी मी माघारी जाणार नाही. एक घट्ट हूक आणून आढ्याला ठोका, खिळ्याला बाळाची झोळी पेलत नाही.

पेढा आणि बर्फी दोन्ही खाऊन बसलात, तेव्हा मुलगा की मुलगी ते आता पोटातल्यालाच विचारावं लागेल. स्टँडवर या. डबा आणते, तो विसरू नका.

माया होती तेवढीच ठेवा, ओरडा वाढवून देईन.
तुमची मोहिनी