योसिनाच्या नावावरचं घर

मी, लतिका मनोहर देवस्थळी, वय वर्षे पंच्याहत्तर, निवृत्त फार्मासिस्ट, राहणार नेपरव्हिल, इलिनॉय, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शुद्धीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मुलाला माझ्या डोक्याबद्दल शंका आहे असं माझ्या कानावर आलं आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. वकिलांनी याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं आहे. दोहोंत फरक निघाला तर मराठी खरं धरावं, कारण मी चिडते ती मराठीत.

१. माझं राहतं घर मुलगी कादंबरी, राहणार डब्लिन, ओहायो, आणि मुलगा ईशान, राहणार अल्फारेटा, जॉर्जिया, यांना निम्मं निम्मं द्यावं. ईशानच्या हिश्शाला एक अट आहे, ती कलम पाचमध्ये दिली आहे. तळघरातल्या खोक्यांना दोघांनी दहा वर्षांत हात लावलेला नाही. ती आधी उपसावीत, मग घर विकायला काढावं.

२. माझे सर्व दागिने कादंबरीला. वडिलांच्या अंत्यविधीला ती व्हिडिओवर होती, तीही कॅमेरा बंद करून. मीटिंग होती म्हणाली. पाटल्या तिला आवडत नाहीत, तरी त्या मोडू नयेत. मोडल्या तर मला कळणार नाही, हेही मी जाणून आहे.

३. गॅरेजमधला स्नो ब्लोअर शेजारच्या निमिषला. सात हिवाळे त्याने माझा ड्राइव्हवे न सांगता साफ केला. माझ्या पोटच्या दोघांनी हवामान विचारलं.

४. आता मुख्य गोष्ट. तेलुवार हे बांदा समुद्रातलं इंडोनेशियाचं बेट आहे. नकाशात शोधू नये, सापडत नाही. शिकागोहून तीन विमानं, मग पंधरा दिवसांतून एकदा सुटणारं जहाज, मग होडीतून चार तास. चाळीस घरं, एक चर्च आणि वीज संध्याकाळी सहा ते दहा. माझे पती मनोहर यांनी रिटायर झाल्यावर ते कुठल्याशा माहितीपटात पाहिलं आणि मला न विचारता तिथे राहायला जायचं ठरवून टाकलं. एकोणतीस वर्षं विमा कंपनीचे प्रोग्रॅम लिहिलेल्या माणसाला जायफळाची बाग हवी झाली. म्हातारपणी लोकांना काशी आठवते, यांना हे आठवलं.

परदेशी माणसाला तिथे जमीन नावावर करून घेता येत नाही. म्हणून घर आणि जायफळाची अठ्ठावीस झाडं शेजारीण योसिना हिच्या नावावर घेतली, आणि मागाल तेव्हा परत देईन असा तिच्याकडून वेगळा कागद लिहून घेतला. तिथल्या कायद्यात असला कागद टिकत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. पण योसिना दिला शब्द पाळते, त्यामुळे तो आजवर टिकला. मूळ कागद माझ्याकडे आहे. ईशानकडे त्याची प्रत आहे आणि डायव्हिंगचं रिसॉर्ट काढू पाहणारं गिऱ्हाईकही आहे. दर महिन्याला त्याचा फोन येतो, “आई, ओरिजिनल स्कॅन करून पाठव ना यार, बायर वेट करतोय.” आईला यार म्हणतो.

त्या कागदावरचा माझा आणि माझ्या वारसांचा सर्व हक्क मी याद्वारे सोडते. घर, झाडं, विहीर आणि मनोहर यांची हत्यारांची पेटी, सगळं योसिनाचं. याची एक प्रत मी तिच्या गावी पाठवणार आहे. ती रविवारी चर्चमध्ये वाचली जाईल, आणि तेलुवारमध्ये चारचौघांत वाचलेलं कोणी मोडत नाही. योसिनाने त्या जागेचं काय करावं हे मी सांगत नाही. तिला रिसॉर्ट काढायचं असेल तर तिने काढावं.

५. असं का, ते मुलांना कळावं म्हणून लिहिते. त्या गावात सासी नावाचा रिवाज आहे. फळ पिकायच्या आधी झाडांना नारळाची कोवळी झावळी बांधतात, पाद्री प्रार्थना म्हणतात, आणि ती झावळी समारंभाने सोडेपर्यंत खुद्द मालकानेही झाडाला हात लावायचा नाही. चोरीची तिथे भीती नसते, कारण बांधलेल्या झाडाखाली पडलेलं फळसुद्धा कोणी उचलत नाही.

२०१६ साली ईशान चार दिवसांसाठी आला. बापाला भेटायला आला असं आम्हाला वाटलं. तो घराचे फोटो काढायला आला होता, विक्रीच्या वेबसाइटवर टाकायला. त्यासाठी त्याने अंगणातल्या झाडांच्या झावळ्या ओढून काढल्या आणि विहिरीमागे टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव चर्चमध्ये जमलं. हे कोणी केलं, असं वडीलधाऱ्यांनी विचारलं. मनोहर उभे राहिले आणि म्हणाले, “मी केलं. मला क्षमा करा.” सत्तरीला टेकलेला माणूस सगळ्यांपुढे गुडघ्यावर बसला. माझा मुलगा बाकावर होता. चाळिशीचा बाप्या, पण जागचा उठला नाही.

वडीलधारे म्हणाले, हात कोणाचाही असो, जमीन योसिनाच्या नावावर आहे, तेव्हा दोष योसिनाला. तिची सगळी झाडं दोन वर्षं बंद केली, आमची आणि तिच्या बापजाद्यांचीही. तिने मान डोलावली. आमच्याकडे पाहिलंही नाही. तिचा नवरा मतेउस पोटासाठी मासेमारीच्या जहाजावर गेला. पुढच्या वर्षी तो नाताळला घरी आला होता, आणि जानेवारीत मनोहर यांच्या छातीत कळ आली तेव्हा खवळलेल्या समुद्रात त्यानेच त्यांना होडीतून मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात नेलं. तिथे दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि अंत्यविधीही तिथेच झाला. परत आल्यावर योसिनाने मला जेवायला वाढलं, आणि त्या दिवसाइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

तरी अट अशी, की ईशानने स्वतः तेलुवारला जावं आणि त्याच चर्चमध्ये उभं राहून योसिनाची माफी मागावी. तोवर या घरातला त्याचा हिस्सा त्याला देऊ नये. तो गेला नाही तर सगळं घर कादंबरीला जावं.

६. वरचं लिहून दोन दिवस झाले. नंतर वाद नको म्हणून काल ईशानला फोन करून कलम पाच वाचून दाखवलं. तो भांडेल अशी माझी तयारी होती. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“ओके आई. मी जाईन.”

“एवढंच?”

“मग काय बोलू? यू नो व्हॉट हॅपन्ड.” मग त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

जे घडलं ते असं. मी पायरीवर तांदूळ निवडत बसले होते. ईशान मोबाईल धरून अंगणात उभा होता. म्हणाला, “आई, ही सुकलेली पानं फोटोत फार वाईट दिसतायत. रिमूव्ह केली तर चालेल?” मला त्या गावात चार वर्षं झाली होती. त्या पानांना काय मान आहे हे मला पुरतं ठाऊक होतं, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, “काढ की. कोण बघतंय?” मला ते घर विकून हवं होतं. मला इथलं गरम पाणी हवं होतं, माझी माणसं हवी होती, हा मेला बर्फसुद्धा हवा होता, आणि हे नवऱ्याच्या तोंडावर म्हणायची छाती नव्हती. मुलाच्या हातून परस्पर झालं तर बरं, असं मनात होतं.

चर्चमध्ये मनोहर उभे राहिले तेव्हा ईशान त्यांच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली. मनोहर यांना मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. ईशानला मात्र नऊ वर्षं यावरून टोचते आहे, पाहुण्यांत, त्याच्या बायकोसमोर. “आई, तूच सांगितलंस,” असं तो एकदाही म्हणाला नाही.

सबब कलम पाचमधली अट रद्द. ईशानने कुठेही जाऊन माफी मागायची नाही. ती मागायची मी आहे, पण माझे गुडघे आता त्या होडीत चढायच्या लायकीचे राहिले नाहीत. म्हणून तेलुवारला जाणाऱ्या प्रतीत हे कलम त्यांच्या भाषेत, माझ्या नावानिशी, सर्वांत आधी घातलं आहे. योसिनाने मला क्षमा करावी अशी अट नाही.

वकील म्हणतात, कलम पाच काढा आणि स्वच्छ कागद करा. मी करणार नाही. सगळं ठाऊक असूनही त्याची आई त्याच्याबद्दल काय लिहू शकली, ते ईशानला वाचता आलं पाहिजे.

याची अंमलबजावणी कादंबरीने करावी. वरील मजकूर माझ्या हातचा आहे, तो मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यासमक्ष खाली सही केली.

सही: लतिका मनोहर देवस्थळी

साक्षीदार:
१. परीक्षित हर्डीकर, नेपरव्हिल
२. आश्लेषा नाडकर्णी, नेपरव्हिल

स्थळ: नेपरव्हिल, इलिनॉय
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५