मीटरवरचं शून्य

२ मार्च
आणि दादाचं परत तेच. 'तुझं बरंय बाबा, माशांना पाणी पाजायचं नि एसीत बसायचं.' बसायला स्टूल तरी आहे का इथे? धुण्याच्या खोलीत उभा असतो मी. नळाचं पाणी गाळणीच्या तीन नळकांड्यांतून थेंब थेंब गळतं. चार बादल्या गटारात जातात तेव्हा एक शुद्ध मिळते. मग तिच्यात मीठ कालवायचं, कारण मालकांची माशांची टाकी समुद्राच्या पाण्याची. आधी क्षार काढा, मग मीठ घाला! दादाला सांगितलं तर म्हणतो, 'पगार देतात ना?' देतात. तो सगळा अण्णांच्या डायलिसिसला जातो — हे मात्र तो बोलत नाही.

५ मार्च
आज अण्णा स्वतः फोनवर आले. आवाज खोल गेलाय. काय बोलावं सुचेना, म्हणून मीटरचं सांगितलं. शुद्ध पाण्यात बुडवायचा, आकडा शून्य आला तरच ते पाणी टाकीला चालतं. नाहीतर आतली प्रवाळं मरतात. दगडासारखी दिसतात, पण जीव आहे त्यांना.
'मग आज किती आला?'
'शून्य.'
ठसका लागेपर्यंत हसले. 'शाळेतनं तेच आणायचास. उगाच मारलं तुला.'
फोन ठेवल्यावर बराच वेळ नळाखाली तोंड धरून उभा होतो.

९ मार्च
पळून जावंसं वाटतं. कुठे, ते माहीत नाही. पाणी शून्य.

१३ मार्च
आता दर फोनला अण्णांचं पहिलं तेच — 'आज किती?' मी म्हणतो शून्य, ते म्हणतात शाबास. जन्मात कधी म्हणाले नव्हते.
जंतू मारायला नळाच्या पाण्यात औषध सोडतात, त्याचा वास शुद्ध बादलीलाही येतोय. मीटर तर शून्यच. माझंच नाक फिरलं असेल.

१८ मार्च
प्रवाळं मिटली. जांभळं होतं ते पांढरंफटक पडलंय. मालकीणबाई सकाळपासून टाकीपुढे बसून आहेत. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं. दोनदा ताजं पाणी घातलं. आणखीच बिघडलं.

१९ मार्च
टाकी बसवून दिलेला टाकीवाला आला. बादलीत नाक घातलं नि विचारलं, 'कोळसा कधी बदललास?'
मधल्या नळकांड्यात कोळसा असतो, औषध तो धरतो. नवा त्यानेच दिलेला, सिंकखाली खोक्यात तसाच पडलाय. म्हटलं, मीटर शून्य दाखवत होता.
'अरे, मीटरला क्षार दिसतात. औषध कुठलं दिसायला त्याला!'
म्हणजे काल वाचवायला म्हणून ओतत होतो, ते विषच.
मालक म्हणाले, 'तुझे पुढचे तीन पगार विसर.' हाकलून दिलं असतं तर सुटलो असतो. तेही नाही. दोन मासे जगलेत, त्यांना पाणी लागतं.

२६ मार्च
ड्रायव्हरकडे उसने मागितले. 'पगार तुटलाय तुझा, फेडणार कशातनं?' खरंच की. आचाऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

३१ मार्च
दादाचा फोन. 'पैसे भरल्याशिवाय अण्णांना मशीनला लावणार नाहीत म्हणतायत. किती पाठवतोयस?'
मागून अण्णा — 'आज किती रे?'
दोघांना एकच आकडा सांगितला. शून्य.