डाव्या सीटची हवा

९ जानेवारी
पाय बधिर झालेत! गाडीत हीटर चालू, पप्पांच्या बाजूला छान ऊब, आणि माझ्या पायांवर गार वारा. शिरूर अनंतपाळ ते लातूर रोजचं अपडाऊन. पप्पा शाळेत शिकवायला, मी नीटच्या क्लासला — तिसऱ्यांदा. "मोजे घाल की जाड," म्हणे.

२० फेब्रुवारी
अभ्यासिकेत जागा बदलून मिळाली. भिंतीकडची. तिन्ही बाजूंना प्लायवूड, खिडकी नाही. आज एकही गणित सोडवलं नाही, नुसती श्वास घेत बसले. येताना पप्पांना म्हटलं, मला जमत नाही, सोडते.
"जमत न्हाई म्हंजे काय? सगळ्यांनाच जड जातंय." विषय संपला.

२ एप्रिल
आता उलटं! पप्पांकडं थंडगार, माझे पाय भट्टीत. शिवमूर्ती मेकॅनिकनं गॅस भरून दिला. "आता बघा सर, काश्मीर!" कसलं काश्मीर — ते पप्पांच्याच बाजूला. कुरकुरले तर पप्पा म्हणाले, "क्लास टाळायला तुला निमित्तच लागून राहिलंय." इतका राग आला! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आता मीच शोधते.

९ एप्रिल, रविवार
पप्पा काकांच्या गाडीतून लग्नाला उदगीरला गेले. आपली गाडी अंगणात. एसी लावला आणि देवघरातली उदबत्ती घेऊन बसले. वरच्या जाळ्यांतून दोन्हीकडं सारखीच गार हवा. म्हणजे एसी चांगलाय! मग उदबत्ती पायाशी नेली — धूर एकदम माझ्याकडं ढकलला गेला. समोरच्या कप्प्यामागून गरम वारा येत होता.
कप्पा काढला. आत बाहेरची हवा घेणारी झडप असते. ती मिटतच नव्हती. तिच्यात लाकडाची पाचर ठोकलेली, तिनं शेजारचं झाकणही उचललेलं. बाहेरची हवा थेट पायांवर. जानेवारीतला गार वाराही हाच.
पाचर बघताक्षणी ओळखली. आमच्या घरात दर दाराला तसलीच आहे, पप्पांनीच तासलेली. दार पुरतं लागलं की ते झोपेतून उठून बसतात. त्र्याण्णवच्या भूकंपात घराचं मातीचं माळवद कोसळलं तेव्हा ते अकरावीत होते. आई सांगते, चौकट वाकली, दार अडकलं. आत ते आणि धाकटी बहीण. पप्पांना दुपारी बाहेर काढलं. सिंधुआत्याचा फक्त फोटो आहे.
एवढा घाबरणारा माणूस काचा लावून रोज लातूरला नेतो मला. माझ्यासाठी एसी लावतो.
पाचर होती तशी परत बसवली. रडले खूप.

१० एप्रिल
"अजून गरम लागतंय का गं, इरा?"
"न्हाई पप्पा."
खूश झाले. पाय भाजत होते.

१२ एप्रिल
आज लातूरला जाताना 'जमत नाही' म्हटलं नाही. म्हटलं, "पप्पा, त्या अभ्यासिकेत माझा श्वास कोंडतो. रोज."
पप्पांनी गाडी बाजूला घेतली. चारही काचा खाली केल्या. मग म्हणाले, "आधी का न्हाई बोल्लीस गं?"
आणि गाडी घराकडं वळवली.