बुचावरचं साल

१४ मार्च

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही फसला आहात की फसवता आहात? आठवडाभर स्वतःला विचारते आहे. एकाच हॉटेलात काम करतो, तरी पत्र लिहिते आहे. तुमच्यासमोर उभी राहिले की जीभच उचलत नाही.

बाकी ठीक. आईचा खोकला कमी आहे. ती अजून शेजारणींना सांगत असते, "भावानं पोरीला कॉलेजात घातलं, नोकरीलाही लावलं."

तळघरात पहिल्या दिवशी तुम्ही मला तीन बाटल्या दाखवल्या होत्या. साधी शॅम्पेन बऱ्याच वर्षांची वाइन मिसळून करतात, ह्या मानाच्या बाटल्या मात्र एकाच चांगल्या सालाच्या. एक नुसत्या पांढऱ्या द्राक्षांची, आधी आंबट नि कडक, उशिरा खुलणारी. दुसरी काळ्या द्राक्षांची, तोंडभर चवीची. तिसरी यीस्टच्या गाळावर वर्षानुवर्षं निजलेली, भाजलेल्या पावाच्या वासाची. "आणि साल बुचावरही डागलेलं असतं. लेबल काय, कुणीही चिकटवतं," असं तुम्हीच म्हणालात. मी ते वहीत लिहून घेतलं, तेव्हा हसलात.

नवा पुरवठादार आल्यापासून तिसऱ्या बाटलीला तो वास येत नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणालात, "तुझं नाक अजून कच्चं आहे." मी मान डोलावली. मग तुम्ही टेबलापाशी न उघडता काउंटरवर, पाठ करून बाटल्या उघडायला लागलात. बूच बशीत घालून पाहुण्यांपुढे ठेवायचं, ते सरळ कोटाच्या खिशात. मी विचारलं, तेव्हा म्हणालात, "पदवीबाई, बूच पिणार आहे का कुणी?" सगळे वेटर हसले. मीही हसले.

सोमवारी तुमचा कोट धुवायला देताना खिशातून चार बुचं निघाली. एकावरही साल नव्हतं. वर्षानुवर्षं बाटलीच्या गळ्यात दाबून बसलेलं बूच बारीकच राहायला हवं. ही छत्रीसारखी फुगलेली, म्हणजे अगदी नव्या, साध्या बाटल्यांची.

पुरवठादारानं गंडवलं असेल, असं मी मनाला समजावलं. पण मग बुचं लपवलीत कशाला?

काल दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको आले होते, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. बाईंनी पहिला घोट घेतला आणि मला विचारलं, "हीच ना ती, पावाच्या वासाची?"

मी "हो" म्हटलं. मामा, तोवर मला नुसता संशय होता. त्या एका शब्दानं मी तुमच्यात सामील झाले.

आईला काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगा, तुमच्या शब्दांत. हे पत्र तुमच्या कपाटात ठेवते आहे, म्हणजे दुपारी बोलावणं येईल तेव्हा कशासाठी ते ठाऊक असेल. आज सकाळी मॅनेजरसाहेबांना सगळं लेखी दिलं, त्या चार बुचांसकट. काल मी काय उत्तर दिलं तेही लिहिलं आहे, आणि खाली सही करताना आपलं नातंही.

तुमची भाची